रांग सोडून गेलेलं पिल्लू

१

गुरुवारी सकाळी म्हातारा शिंकला नाही, आणि तिथूनच सगळं उघडकीला आलं.

हा म्हातारा हाडामासाचा नव्हे. बागेच्या मधोमध गवताची एक लांबट टेकडी होती, तिला गाढ झोपलेल्या माणसाचा आकार दिलेला. वर आलेलं पोट, दुमडलेले गुडघे, आणि उशाला माणूस उभा राहील एवढा कान. त्या कानात तोंड घालून मुलांनी ओरडायचं, की आतली झडप हलून म्हाताऱ्याच्या नाकातून पाण्याचा फवारा उडायचा. वीस वर्षं हा म्हातारा दिवसातून शंभर वेळा शिंकत आला होता. त्या दिवशी झाडणाऱ्या ताईंनी रोजच्याप्रमाणे पहिली हाक मारली, तर म्हातारा ढिम्म. ताईंनी कानात हात घातला तो चुन्याच्या चुऱ्याने भरला. वर पाहिलं, तर कानाच्या कडेवर बसवलेल्या कपबशांच्या तुकड्यांतला एक तुकडा गायब, आणि त्या जागी पांढरा चुना लिंपलेला.

शोध घेतला तेव्हा आणखी सहा जागा सापडल्या. पहिली मुलांच्या दारापाशी. हे दार इतकं ठेंगणं की मोठ्या माणसाला कंबर मोडल्याशिवाय आत येता येत नसे. मग गोगलगायीच्या वाटेवर, मग उलट्या घरात, जिथे खुर्च्या छताला आणि दिवा जमिनीवर. असे सात तुकडे.

बाग बांधणारा वास्तुकार गेल्या वर्षीच वारला. त्याने आयुष्यात एक भिंत सरळ बांधली नाही म्हणून गाव त्याला वाकडेबुवा म्हणे, आणि त्यालाही ते आवडे. मोठ्यांनी वाकल्याशिवाय लहानांच्या राज्यात जाता येऊ नये, असं त्याचं म्हणणं. सगळ्या भिंती त्याने फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवल्या होत्या. नियम दोनच. मुद्दाम फोडलेलं घ्यायचं नाही, आणि एका घराचा एकच तुकडा. त्यामुळे प्रत्येक घराचं काहीतरी फुटलेलं त्या बागेत होतं.

बागेच्या अधीक्षकसाहेबांचा संशय एकाच माणसावर गेला. दुपारी एक ते तीन बाग बंद असते. तेव्हा आत दोघंच, ताई आणि म्हातारा मिस्त्री. बुवांच्या हाताखाली तीस वर्षं राबलेला, बागेच्याच एका खोलीत एकटा राहणारा. चुना त्याच्याकडे, हत्यारं त्याच्याकडे. साहेबांनी मिस्त्रीला खोली सोडायला सांगायचं आणि पोलिसांत कळवायचं ठरवलं होतं, पण बागेच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला दर सोमवारी चावी द्यायला येणारे घड्याळजी मधे पडले. त्यांनी आजवर तीन हरवलेल्या अंगठ्या आणि एक हरवलेला जावई शोधून दिला होता, त्यामुळे गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली.

घड्याळजी थेट मिस्त्रीच्या खोलीवर गेले. मिस्त्री पलंगावर बसून होता. गाठोडं बांधून तयार.

"कशाला पायपीट करता?" तो म्हणाला. "मीच काढले ते तुकडे."

२

घड्याळजींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माणूस खरं सांगताना समोर बघतो, दुसऱ्याला झाकताना जमिनीकडे, एवढं चाळीस वर्षांच्या दुकानदारीत त्यांना कळलं होतं. मिस्त्री जमिनीकडे बघत होता.

ते डोळ्याला भिंग लावून सातही जागा पाहत फिरले. चुना होता खरा, पण कडेने सगळीकडे केसाएवढी चीर पडली होती. तेवढ्या चिरेने त्यांना थांबवलं. बुवा हयात असताना मिस्त्री चाकरीला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी एकच धडा द्यायचा: जुन्या भिंतीला आधी पाणी पाज. तहानलेली भिंत ओल्या चुन्यातलं पाणी पिऊन टाकते आणि चुना सुकताना कडेने सुटतो. ज्याने हा चुना लिंपला त्याला हा धडा ठाऊक नव्हता. शिवाय थापीची सपाट रेघ कुठेच नाही. मधे लांबट, बशीसारखा खोलगट दाब. घड्याळजींनी खूप वेळ पाहिलं, मग त्यांना ओळख पटली. चमच्याची पाठ.

घरातला चमचा.

आणखी एक गोष्ट होती. त्यांनी खिशातली सुतळी काढली, प्रत्येक जागेची जमिनीपासूनची उंची धरून गाठ मारली. पहिली गाठ त्यांच्या कमरेशी आली, दुसरी थोडी वर, तिसरी त्याहून वर. सातवी भुवयांशी. चोर जणू हळूहळू उंच होत गेला होता.

ताई झाडू टेकवून हे बघत होत्या. त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, की ते तुकडे त्यांच्या चांगले ओळखीचे. हिरवी कड आणि बदकं. एकावर मोठं बदक, बाकीच्यांवर पिल्लं. पोरं हात लावून लावून मोजायची.

"सातही तुकड्यांवर हिरवी कड?" घड्याळजींनी विचारलं.

"मग काय. एकाच ताटाचे ते. माझे डोळे अजून शाबूत आहेत, घड्याळजी, तुमच्यासारखं मला भिंग लागत नाही."

घड्याळजींनी सुतळी गुंडाळून खिशात टाकली. एका घराचा एकच तुकडा, हा नियम. इथे एका घराचे सात. म्हणजे ज्याने नियम मोडला त्याला हटकायची कुणाची छाती नव्हती.

आणि असा माणूस बागेत एकच होऊन गेला होता.

३

तरी घाई करायची नाही, हा त्यांचा बाणा. बागेसमोर जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. दुकानदार भारी चिकट. बागेचे तुकडे विकत मिळतील का, म्हणून तो दोनदा विचारून गेला होता, हे साहेबांनीच सांगितलं होतं.

दुकानदार हसला. सात तुकडे घेऊन काय करू, म्हणाला. फुटक्याला गिऱ्हाईक नाही. तरीही बदकं म्हणताच त्याचा चेहरा उजळला. लहान मुलांचं ताट ते. पूर्वी घरोघर असायचं. काठाने आई आणि सहा पिल्लं रांगेत चालली आहेत, आणि मधोमध एक पिल्लू रांग सोडून भलतीकडेच निघालं आहे. मुलांना सांगायचं, जेवण संपव, मग ते चुकार पिल्लू दिसेल. मूल जेवायचं, भाताखालून पिल्लू निघायचं.

"म्हणजे मधला तुकडा वेगळा?" घड्याळजींनी विचारलं.

"तोच तर ताटाचा जीव. तो नसेल तर बाकीचं नुसतं काठ-किनार. बागेत तो कधी दिसला नाही मला. वीस वर्षं शोधतोय. दोनदा विचारायला गेलो तोही त्याच्यापायी."

म्हणजे तुकडे आठ होते. सात गेले. आठवा कुणी पाहिलाच नव्हता.

४

बुवांचं घर बागेच्या मागच्या अंगाला. मधे एक छोटं फाटक, त्याची किल्ली बुवांकडे असे. घड्याळजी शनिवारी दुपारी बाहेरच्या रस्त्याने त्या फाटकावरून गेले. बुवा गेल्यापासून गंजून पडलेल्या त्या फाटकाच्या कुलपातून ताज्या तेलाचा वास येत होता. शिलाई यंत्राचं पातळ तेल. घड्याळजींच्या नाकाला तेलं कळत.

वहिनींनी दार उघडलं. बुवांच्या पत्नीला ते वहिनीच म्हणत, आणि त्या त्यांना भावजी. त्या वर्षभरात किती वाळल्या होत्या. त्यांनी चहा टाकला, दुकानाची, गुडघ्यांची चौकशी केली. घड्याळजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांची नजर चौकटीवर गेली.

चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. एकीवर एक. प्रत्येकीपुढे आकडा: तीन, पाच, सात, नऊ, अकरा, चौदा, सतरा. एकाच मुलीची उंची, दोन-तीन वर्षांच्या अंतराने.

खिशातली सुतळी काढायचं त्यांच्या मनात नव्हतं. काही कामं माणूस करतो आणि नंतर हाताला शिव्या देतो. त्यांनी सुतळीचं टोक जमिनीला लावलं आणि वर ताणलं. पहिली गाठ पहिल्या रेघेवर बसली. दुसरी दुसरीवर. सातही.

मागे कपबशी वाजली. वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या.

"मिस्त्रींना घालवतायत, असं ऐकलं," त्या म्हणाल्या. "सोमवारी मी स्वतःच साहेबांकडे जाणार होते. बसा, भावजी. चहा गार होईल."

५

मुलगी एकुलती एक, वहिनी सांगू लागल्या. घर सोडलं त्या दिवशी ती जेवायला बसली होती. एकोणीस वर्षांची, पण ताट तेच, बदकांचं. मधल्या पिल्लाकडे बोट करून लहानपणी म्हणायची, हे मी. जेवता जेवता तिने सांगितलं, की लांबच्या बंदरावर नोकरी मिळाली आहे, परवा निघते. शब्दाने शब्द वाढला. बुवांनी तिच्या पुढ्यातलं ताट उचलून भिंतीवर फेकलं. मुद्दाम फोडलेलं ते. मुलगी उष्ट्या हाताने उठली, हात धुतला, पिशवी घेतली आणि गेली. अर्ध्या जेवणावरून.

"यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "दोन ओळींचं पत्र लिहायला हात उठेना, म्हणून अख्खी बाग बांधली."

आठ तुकडे झाले होते. सात त्यांनी बागेत बसवले, तिच्या एकेका वयाच्या उंचीवर, त्या त्या वयात तिला जे आवडलं असतं त्या जागी. ती येईल, बघेल, आणि बापाला काय म्हणायचं होतं ते न बोलता कळेल. मधलं पिल्लू मात्र खिशात ठेवलं. ती आली की तिच्यासमोर बसवायचं. कारण एकोणिसाव्या वर्षीची तिची उंची घ्यायची राहूनच गेली होती.

मग अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिचं पत्र आलं. आईच्या नावाने. दवाखान्यातून. वहिनींना ते पाठ होतं. "बाबांना सांग, ताट जोडून ठेवा. बरी झाले की येते जेवायला."

"म्हटलं, संध्याकाळी हे घरी आले की वाचून दाखवते. दुपारच्याच टपालाने तिच्या घरमालकिणीचं पत्र आलं, लेक राहिली नाही म्हणून." वहिनींनी पदराचा काठ सरळ केला, पुन्हा केला. "संध्याकाळी हे आले. हातपाय धुतले. मी पान वाढलं. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी फुटेल म्हटलं. मग तिसऱ्या. रोज सकाळी बागेत जाताना हे म्हणायचे, येईल एखाद दिवस. मी म्हणायची, येईल हो. दहा वर्षं रोज सकाळी मी नवऱ्याशी खोटं बोलले, भावजी. जातानाही म्हणाले, दार उघडं ठेव. मी म्हटलं, ठेवते."

ताट जोडून ठेवायचा निरोप तेवढा राहिला होता. म्हणून त्या दुपारी किल्ली घेऊन जात, दाभणाने कोरून एकेक तुकडा काढत, आणि जागा बोडकी दिसू नये म्हणून चमच्याने चुना भरत. मिस्त्रीने एकदा लांबून पाहिलं होतं. तो काही न बोलता पाठ फिरवून गेला.

घड्याळजींनी हळूच विचारलं, साहेबांकडे मागितले का नाहीत. त्यावर वहिनी म्हणाल्या, "कशासाठी म्हणून लिहू अर्जात?"

त्यांनी कपाटातून ताट काढलं. सात तुकडे नीट चिकटवलेले. मधोमध भोक. बुवांच्या सगळ्या खिशांत, खणांत शोधूनही आठवा तुकडा मिळाला नव्हता.

"हरवला असेल त्यांच्याकडून," त्या म्हणाल्या. "तेवढंच एक तिचं होतं."

निघताना घड्याळजींनी पत्राची तारीख विचारून घेतली. त्या क्षणी का विचारली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

६

घड्याळ दुरुस्त करणारा माणूस झाकणाच्या आत बारीक अक्षरात तारीख आणि काम टिपून ठेवतो. मागाहून येणाऱ्याला कळावं म्हणून. घड्याळजींनीही मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या लाकडी पेटीत वीस वर्षांच्या तारखा टिपल्या होत्या. रविवारी सकाळी ते पायऱ्या चढून वर गेले आणि भिंग लावून बसले.

त्या घड्याळाला तासकाटा तेवढा होता. मिनिटं मोठ्यांसाठी असतात, असं बुवा म्हणत. पण पूर्वी ते तासागणिक टोले द्यायचं. एक दिवस बुवांनी टोल्याची हातोडी काढायला लावली. म्हणाले, पाखरं दचकतात. घड्याळजींना तेव्हाच नवल वाटलं होतं, कारण मनोऱ्यावरची पाखरं घंटेवर बसून झोपा काढत. आता त्यांनी तारीख शोधली. वहिनींनी सांगितलेल्या तारखेनंतरचा चौथा दिवस.

मग बाकीचं एकेक आठवत गेलं. त्याच दिवशी बुवा स्वतः चुन्याची बादली घेऊन वर आले होते. मिस्त्रीला खालीच थांबवलं होतं. साठीचा माणूस, एकशेबारा पायऱ्या, हातात बादली. घड्याळजींनी विचारलं, तर म्हणाले, भिंतीला एक भेग आहे.

सात तुकडे मुलीच्या उंचीवर. आठवा वहिनी खिशांत, खणांत शोधत होत्या, म्हणून तो सापडला नाही. जिवंत लेक चौकटीला टेकून उभी राहते, डोक्यावर पट्टी धरता येते. गेलेल्या लेकीची उंची बापाने कुठवर धरायची?

घड्याळजींनी पेटीच्या मागच्या फळीचे खिळे काढले. वीस वर्षं त्यांनी त्या फळीला पाठ टेकून चावी दिली होती. फळीमागे भिंतीत, अगदी छताशी, हिरवी कड नसलेला एक गोल तुकडा होता. रांग सोडून भलतीकडे निघालेलं पिल्लू. चुन्याला कुठेही चीर नव्हती. भिंतीला आधी पोटभर पाणी पाजलं होतं. कशाने पाजलं असेल, हा विचार मनात आला आणि घड्याळजींना भिंग काढून पुसावं लागलं.

तुकड्याखाली ओल्या चुन्यात खिळ्याने दोन ओळी कोरलेल्या होत्या.

"पोर गेली. हिला कळू नये."

७

घरमालकिणीने दोन पत्रं टाकली असणार. एक घरी, एक बुवांच्या कचेरीत. कुठलं तरी पोचेल म्हणून. दोन्ही पोचली.

आता प्रश्न एवढाच होता, की हे सांगायचं का. मिस्त्रीला सोडवायला याची गरज नव्हती. घड्याळजींनी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "घड्याळं उघडा हवी तेवढी. माणसं उघडू नका." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "पण त्या बाईने नवऱ्याला फसवलं म्हणून स्वतःला फाशी लावून घेतलीये. ती दोरी सोडवता आली तर बघा."

बागेत एक अर्धगोल भिंत होती. तिच्या एका टोकाशी पुटपुटलेलं भिंतीच्या अंगाने सरकत दुसऱ्या टोकाला, तीस पावलांवर, स्पष्ट ऐकू जाई. पोरं तिथे गुपितं सांगत. सोमवारी दुपारी बाग बंद झाल्यावर घड्याळजींनी वहिनींना एका टोकाशी बसवलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेले. समोरासमोर त्यांच्याने बोलवलं नसतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि हातोडीपासून खिळ्याच्या दोन ओळींपर्यंत सगळं सांगितलं.

भिंतीतून हलक्या आवाजात आलं, "म्हणजे त्यांना माहीत होतं."

"हो, वहिनी."

"आणि मला रोज म्हणायचे, येईल एखाद दिवस."

"तुमच्यासाठी म्हणायचे."

घड्याळजींनी कान भिंतीला टेकवला. थंडगार भिंत. तिच्यातून दहा वर्षांचं रडं येत होतं, अगदी जवळून, कानाशी बसून कुणी रडावं तसं. शेवटी वहिनी म्हणाल्या, "एका छपराखाली राहिलो, भावजी. एकमेकांची ताटं वाढली. आणि लेकीसाठी रडायला दोघं वेगवेगळ्या खोल्यांत गेलो. एकदा तरी बरोबर रडलो असतो."

घड्याळजींना हे हलकं करता आलं नाही. दोरी सुटली होती, पण गळ्यावरचा वळ कुठे जातो?

साहेबांना त्यांनी थोडक्यात सांगितलं. बागेचा नियम एका घराचा एकच तुकडा. एका घराचे आठ निघाले. ज्यांचे जास्तीचे होते त्यांनी नेले, यात चोरी कसली? साहेबांनी विचारलं, कुणाचं घर. घड्याळजींनी खिडकीतून मागच्या फाटकाकडे नुसतं पाहिलं. साहेबही पाहत राहिले. त्यांनी मिस्त्रीविरुद्ध लिहून ठेवलेला तक्रारीचा कागद फाडला आणि चष्मा शोधत बसले. चष्मा नाकावरच होता.

वहिनींनी ताट घरी ठेवलं नाही. गुरुवारी दुपारी त्या ते घेऊन मनोऱ्याच्या पायथ्याशी आल्या. एकशेबारा पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांना झेपणाऱ्या नव्हत्या. त्यांनी ताट मिस्त्रीच्या हातात दिलं. मिस्त्री वर गेला. त्याने आधी भिंतीला पाणी पाजलं, दोनदा, तीनदा. मग एकटं बसलेलं पिल्लू मधोमध ठेवून त्याच्याभोवती ताटाचा काठ बसवला. आई, सहा पिल्लं आणि ते एक. खालच्या दोन ओळींना त्याने थापी लागू दिली नाही.

घड्याळजींनी पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळून ठेवलेली हातोडी काढली आणि जागेवर चढवली. अकरा वर्षांनी टोला पडला. एक.

झाडणाऱ्या ताई जागच्या जागी थबकल्या. पाखरं उडाली, दोन घिरट्या घेऊन परत येऊन बसली. खाली वहिनी मान वर करून उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, जसे स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पुसतात, आणि वरच्या दोघांना हाक मारली. फार मोठ्याने नाही.

"पानं घेतलीत. या आता जेवायला."